मंगळवारची आतून लावलेली कडी

श्रीमती अनुसया खिल्लारे यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती चौकशी अधिकारी आणि अपचारी कर्मचारी म्हणून. गौरवग्रंथातला लेख असा सुरू करू नये, हे मला कळतं. सिस्टरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळानं माझ्याकडे ‘हृद्य आठवणी’ मागितल्या, तेव्हा एवढी चांगली माणसं सोडून मलाच का विचारलं असावं, यात कोणाचा काय हेतू असावा, याचा मी आठ दिवस विचार केला. हेतू काही सापडला नाही. तेव्हा जे घडलं ते लिहितो, आणि त्यातलं हृद्य काय ते वाचकांनी ठरवावं.

मी आरोग्य खात्यात विस्तार अधिकारी होतो. शंका घेणं हे माझं काम होतं आणि दुर्दैवानं स्वभावही तोच. औषधाच्या खोक्याला सील असलं तरी मी खोकं हलवून बघत असे. दौऱ्यावर कुणी चहा पुढे केला, तर तो का केला असेल याचा विचार होईपर्यंत चहा गार होऊन जाई. आमच्या सौभाग्यवती सांगतात की अंतरपाट बाजूला झाल्यावर मी आधी नवरी तीच आहे ना, याची खात्री करून घेतली आणि मगच हार घातला. त्यांचं म्हणणं मी खोडून काढत नाही. अशा माणसाच्या हाती एक निनावी अर्ज आला, आणि तिथून ही गोष्ट सुरू होते.

औंढा तालुक्यातल्या डोंगरात एक साठवण तलाव झाला आणि त्यात बंजाऱ्यांचा एक तांडा गेला. घरं गेली, देऊळ गेलं, पाणवठा गेला, बायकांची आडोशाची जागा गेली. माणसं उचलून वसमतच्या रस्त्यालगत एका उघड्या माळावर आणून बसवली. कागदोपत्री ती ‘पुनर्वसन वसाहत’, लोकांच्या तोंडी नवा तांडा. पत्र्याच्या घरांच्या सरळ ओळी आणि समोर दिवसभर वाहता रस्ता. पुरुषांना आपली तकलीफ सांगता येत होती. जमीन मुरमाड आहे, पाणी लांब आहे, सातबारा मिळालेला नाही, असे त्यांचे अर्ज रोज येत. बायकांच्या तकलिफीसाठी कुठल्याच अर्जात रकाना नव्हता. आडोसा नाही म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नसत, लघवी धरून ठेवत. त्यातून जळजळ, पांढरं जाणं, ताप. कुणाचं मूल पोटातच गेलेलं, कुणाच्या अंगावरून महिन्यातले पंधरा दिवस जात होतं. झोप तर फारशी कुणालाच नव्हती. यातलं काहीही मला तेव्हा माहीत नव्हतं. मी फक्त अर्ज वाचला होता.

अर्जात लिहिलं होतं की नव्या तांड्याच्या आरोग्यसेविका खिल्लारे सिस्टर दर मंगळवारी समाजमंदिराच्या मागच्या खोलीत बायकांना कोंडून घेतात आणि आतून कडी लावतात. दोन-दोन तास आतून मोठमोठ्यानं रडण्याचा आवाज येतो. बाहेर आल्यावर एकही बाई काही सांगत नाही. सिस्टर कसलीशी वही ठेवतात, ती कोणाला दाखवत नाहीत. बायकांना मूल होऊ नये म्हणून चोरून सुया देत असाव्यात, तरी चौकशी व्हावी. खाली सही नव्हती. सही नसलेल्या अर्जावर माझा नेहमीच जास्त विश्वास बसे.

मी न कळवता मंगळवारीच गेलो. कोणी सावध होऊ नये म्हणून जीप फाट्यावर सोडली आणि चालत समाजमंदिर गाठलं. आतून खरोखरच रडण्याचा आवाज येत होता. साधं रडणं नव्हे, सूर लावून, लांबवत, मधे शब्द गुंफत. शब्द त्यांच्या गोरमाटी बोलीतले, त्यामुळे मला एकही कळेना. मी दार वाजवलं.

“थांबा जरा. एक बाई कपडे आवरून राहिली,” आतून उत्तर आलं.

मी थांबलो. ‘पुरावा आवरला जात आहे’ अशी नोंद मनातल्या मनात करून ठेवली. दार उघडलं तेव्हा खोलीभर बायका बसलेल्या होत्या आणि सगळ्यांचे डोळे लाल होते. एक तरुण बाई सिस्टरांच्या गळ्यात पडून अजून हुंदके देत होती. सिस्टर ठेंगण्या, दोरीला बांधलेला चष्मा छातीवर लोंबणारा, अंगावर पांढरी साडी. त्यांचा उजवा खांदा चांगलाच ओला झाला होता.

“या बायका का रडतायत?” मी विचारलं.

“भेटल्या म्हणून.”

“कोणाला?”

“मला.”

“गेल्या मंगळवारी भेटल्या नव्हत्या?”

“भेटल्या व्हत्या की. पण आठ दिवस झाले न साहेब.”

हे मला उद्धटपणाचं वाटलं. मी बायकांकडे वळून, सिस्टर तुम्हाला त्रास देतात का, असं विचारलं. सगळ्यांनी पदर पुढे ओढले आणि कोणीही तोंड उघडलं नाही. तो गप्पपणा माझ्या दृष्टीनं पुरेसा पुरावा होता. परका पुरुष दारात उभा राहून असला प्रश्न विचारतोय, तर त्या बोलणार कशा, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही.

मग मी वही मागितली. वहीत एकही नाव नव्हतं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर पेननं काढलेलं एक छोटं भरतकाम होतं. कुठे आरशांची ओळ, कुठे तिरपी चौकडी, कुठे तीन कवड्या. खाली बारीक अक्षरात ‘झोप न्हाई’, ‘अंगावरून कमी’, ‘बोलली’, ‘आज हसली’. तांड्यातल्या तरुण बायका आता साडी नेसतात, पण प्रत्येकीला आईकडून आलेला एक टाका येतोच. सिस्टरांनी तोच तिच्या नावाच्या जागी काढला होता. हे मला खूप नंतर समजलं.

“हे काय आहे?”

“बाया हायेत.”

“नावं कुठं आहेत?”

“नावं लिवली की कोनीबी वाचतंय साहेब. आज तुमी, उद्या त्यांचे नवरे.”

“मग तोंडी सांगा. ही तीन कवड्यांची कोण?”

“तिचं ती सांगीन तवा सांगीन. म्या सांगायचं न्हाई.”

माझा अहवाल आजही मला तोंडपाठ आहे. ‘महिला भयभीत व रडवेल्या आढळल्या. नोंदी सांकेतिक स्वरूपाच्या असून संशयास्पद आहेत. संबंधित सेविका माहिती देण्यास नकार देतात.’ प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि अहवाल धादांत खोटा होता. त्या अहवालावर सिस्टरांना नव्या तांड्यावरून काढून हिंगोलीला औषधांच्या गोदामात बसवण्यात आलं. त्यांनी ना अपील केलं, ना पुढाऱ्याकडे धाव घेतली. पदभार सोडताना माझ्या टेबलाशी येऊन एवढंच म्हणाल्या, “तीन कवड्याच्या बाईला दर आठ दिवसाला बघाया पायजे. माझ्याजागी कोनाला तरी धाडा साहेब, लई उशीर करू नका.” ही काहीतरी चाल असावी असं मला वाटलं. मी कोणालाही पाठवलं नाही.

यानंतर तीन-चार महिने गेले. एके दिवशी सकाळी मी हिंगोलीच्या बसस्थानकावर औंढ्याच्या गाडीची वाट बघत उभा होतो. एका गाडीतून तांड्याकडची एक म्हातारी उतरली. फलाटावर उभी असलेली दुसरी धावत गेली, दोघींनी एकमेकींच्या गळ्यात हात टाकले आणि तिथंच सूर लावून रडायला सुरुवात केली. तोच सूर. मी पुढे झालो. कोणी गेलं असेल तर विचारपूस करावी, एवढी माणुसकी माझ्यातही आहे.

“बाई, कोण गेलं?”

फलाटावरच्या बाईनं डोळे पुसले आणि ती चक्क हसली. “जातंय कोन? मोठी बहीन हाये माझी. दिवाळीपासून भेट न्हाई. भेटलं की रडतोत आमी.”

“आणि रडता रडता म्हणत काय होता?”

“सगळंच की. सासूचं, लेकराचं, दुखन्याखुपन्याचं. बोलून सांगाया लाज वाटती. रडून सांगाया काहून वाटीन?”

“कोणाच्याही गळ्यात पडून सांगता?”

“परक्याच्या गळ्यात कोन पडतंय साहेब?” असं म्हणून तिनं थोरलीची पिशवी उचलली आणि दोघी चालू लागल्या.

माझी गाडी आली आणि गेली. माझा स्वभाव असा, की पहिली शंका आली ती त्या दोघींवरच. सिस्टरांनीच यांना मुद्दाम इथं आणून उभं केलं नसेल ना? मग मी ज्यांच्यावर थोडा कमी संशय घेतो अशा एका माणसाला विचारलं. आमच्याच खात्यातले, तांड्यातून आलेले लिपिक. ते म्हणाले, “अहो, ही आमच्याकडची रीत आहे, लहान पोराला सुद्धा ठाऊक आहे. तुम्ही विचारलं कधी?” विचारलं नव्हतं. मी एवढी वर्षं माणसांची चौकशी केली होती, पण विचारपूस अशी केली नव्हती. ज्या बायका सरकारी माणसाला तोंड दाखवत नाहीत, त्या एका सरकारी बाईला घरचं माणूस समजून गळ्यात पडत होत्या आणि पोटातलं सगळं सांगत होत्या. त्याला मी छळ म्हणून नोंदवून ठेवलं होतं.

मी गोदामात गेलो. सिस्टर पावसाळ्याआधीच मुदत संपलेली औषधं वेगळ्या खोक्यांत भरत होत्या. माझी चूक झाली, हे वाक्य म्हणायला मला बराच वेळ लागला. त्यांनी मान वर केली नाही.

“तीन कवड्याच्या बाईला कोनी बघितलं का?”

“नाही.”

त्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं आणि चप्पल शोधू लागल्या. “मंग चला.”

तीन कवड्यांची बाई म्हणजे सुनीता राठोड. हे नाव मी तिच्या परवानगीनं लिहितो आहे, किंबहुना तिनंच लिहायला लावलं आहे. वय तेव्हा सव्वीस, पदरात दोन मुली, आणि एक मूल तांडा हलवण्याच्या धावपळीत पोटातच गेलेलं. त्यानंतर अंगावरून जायचं थांबेना. सिस्टरांनी औषधपाणी सुरू केलं होतं, उतार पडत होता, आणि तेवढ्यात मी माझा अहवाल घेऊन मधे आलो. आम्ही पोचलो तेव्हा ती खाटेवर पडून होती, चेहरा हळदीसारखा पिवळा. तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी दवाखान्यानं गर्भाची पिशवी काढायला सांगितली होती. नाही काढली तर कॅन्सर होईल, असं बजावलं होतं. तारीख परवाची होती. ऊसतोडीला जायच्या आत उरकून टाका, म्हणजे दर महिन्याची कटकट संपली, असा हिशेब घरात ठरला होता.

तिच्या सासूबाई झमकाबाई दारातच उभ्या होत्या. “माझी काढली, माझ्या जावंची काढली. हिचीच काहून ठिवायची?”

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “तुमची काढल्यापासून तुमी झोपल्या का झमकाबाई?”

 झमकाबाई दारातून बाजूला झाल्या. सिस्टर खाटेवर टेकल्या, सुनीतानं उठून त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि तो सूर सुरू झाला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. या वेळी कोणाला सांगावं लागलं नाही.

बऱ्याच वेळानं सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी बायकांना एक सवय लावली होती, की दवाखान्याचा कुठलाही कागद फेकायचा नाही, पेटीत ठेवायचा. सुनीतानं आपला सोनोग्राफीचा कागद दिला आणि शेजारच्या दोघींनीही आपापले आणून दिले. तिघींनाही त्याच दवाखान्यानं पिशवी काढायला सांगितलं होतं. सिस्टरांनी ते तीन कागद माझ्या हातात ठेवले. “तुमी शंका घ्यायात हुशार हायेत साहेब. घ्या आता.”

मी ते कागद ओट्यावर शेजारी शेजारी मांडले. नावं तीन, वयं तीन. बाकी मजकूर अक्षरशः एकच. तिघींच्या पिशव्या दशांश चिन्हापर्यंत एकाच मापाच्या होत्या, आणि शुद्धलेखनाची एक चूकही तिन्ही कागदांवर त्याच जागी होती. झमकाबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

“म्हंजे काय साहेब?”

“म्हणजे या कागदांवर माझा विश्वास नाही.”

नोकरीत हे वाक्य मी शेकडो माणसांना ऐकवलं होतं. ज्यांना ऐकवलं त्यांपैकी बऱ्याच जणांनी काहीच केलेलं नव्हतं. त्या दिवशी ते पहिल्यांदा योग्य जागी पडलं. झमकाबाईंनी त्यातला एक कागद उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि तशाच मटकन ओट्यावर बसल्या. “मंग माझा कागद खरा व्हता का?” असं त्यांनी विचारलं. 

सुनीताला दुसऱ्या दिवशी हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी नीट तपासून सांगितलं की पिशवीला सूज आहे, अंगात रक्त नाही, पण काढण्यासारखं काहीही नाही. गोळ्या तिला दिल्या आणि तिच्या नवऱ्याला, प्रकाशलाही दिल्या. प्रकाश भडकला. “मला काहून? मला काय झालं?” सिस्टर म्हणाल्या, “दुखनं दोघांच्या मधातलं हाये बाबा, गोळ्या एकीनंच काहून खायच्या?” त्यानं त्या त्यांच्यासमोर खाल्ल्या. मला अजून वाटतं की पहिली त्यानं जिभेखाली धरली असावी, पण सिस्टरांनी त्याला तिथंच पाणी पाजलं.

मी माझ्या अहवालाविरुद्ध स्वतःच दुसरा अहवाल लिहिला. त्यामुळे कार्यालयात माझी बरीच टिंगल झाली, ती मी कमावलेलीच होती. सिस्टर नव्या तांड्यावर परत गेल्या. त्या दवाखान्याविरुद्धही आम्ही रीतसर तक्रार केली. तिचं पुढे काय झालं याबद्दलच्या माझ्या शंका कायम आहेत आणि दर महिन्याला मी त्या लेखी विचारत असतो.

त्या निनावी अर्जाचा लेखक कोण, हे सिस्टरांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे अशी माझी खात्री आहे. मी अनेकदा विचारलं. त्या म्हणतात, “ते मानूस आता मंगळवारी येऊन बसतंय. तुमाला काहून पायजे?” नव्या तांड्यावरच्या प्रत्येक चेहऱ्याकडे मी त्या दृष्टीनं पाहून झालं आहे. अजून धागा लागलेला नाही.

सिस्टरांच्या कामाबद्दल लिहायचं तर रडणं ही फक्त सुरुवात असे. रडून झालं की तोंडं धुवायची, चहा व्हायचा, मग एकेकीची तपासणी. कोणाचं नुसत्या रडण्यानं भागणार नाही, हे त्यांना बरोबर कळे. देवकाबाई म्हणून एक होत्या. रोज दिवस कलला की त्या तलावाच्या दिशेला तोंड करून उभ्या राहत, कोणी हाक मारली तरी ओ देत नसत. घरचे म्हणत, बाहेरची बाधा झालीय. सिस्टर महिनाभर रोज त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, एक शब्द न बोलता. एक दिवस देवकाबाई स्वतःच म्हणाल्या, “माझी चूल बुडाली तिथं.” त्यानंतर सिस्टरांनी त्यांना जिल्ह्याच्या मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या. मी संशयानं विचारलं होतं की घरच्यांना तुम्ही डोकेदुखीची गोळी म्हणून सांगितलं, हे खरं का. सिस्टर म्हणाल्या, “बाईला म्या खरं सांगितलं. घरच्याला काय सांगायचं ते तिनं ठरवलं. गोळी तिची हाये.” देवकाबाई आता दिवस कलला की भाकरी करतात.

एक आठवण माझ्या घरची आहे. लिहावी की नाही याचा विचार केला, आणि मुलीला विचारून लिहितो आहे. माझ्या मुलीचं मूल जन्मतःच गेलं. ती आमच्याकडे आली आणि तिनं बोलणं सोडलं. डॉक्टर झाले, नवससायास झाले. शेवटी सौभाग्यवतींनी परस्पर सिस्टरांना निरोप धाडला. त्या दारात आल्या तेव्हा मी सवयीनं विचारलं, “काय काम काढलंत?”  त्या सरळ मुलीच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली.

मी व्हरांड्यात बसलो. कडीचा आवाज तोच होता. बऱ्याच वेळानं आतून माझ्या मुलीच्या रडण्याचा आवाज आला. आमच्या घरात सूर लावून रडण्याची रीत नाही. तिला सूर लागेना. पण ती रडली, आणि रडता रडता बोलली. बाप असून मला एक शब्द कळू नये याची मला काळजी घ्यावी लागली, म्हणून मी रेडिओ लावला. ज्या आवाजाला मी एकदा ‘भयभीत’ लिहून मोकळा झालो होतो, त्या आवाजासाठी त्या दिवशी मी देवाचे आभार मानले. सिस्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांचा उजवा खांदा ओला होता. चहा घेतला नाही, गाडीची वेळ झाली म्हणाल्या. त्यांच्या वहीत तेव्हापासून एक पान माझ्या मुलीचं आहे. त्यावरची खूण कोणती, हे मी आजवर विचारलेलं नाही.

सिस्टर निवृत्त झाल्या त्या दिवशी समाजमंदिरात निरोपाचा कार्यक्रम झाला. हार, शाल, नारळ, भाषणं झाली. माझं भाषण सर्वांत लांबलं. मग झमकाबाई उठल्या. तांड्यातल्या बायका सिस्टरांना याडी म्हणतात, म्हणजे आई. झमकाबाई वयानं त्यांच्याहून मोठ्या, तरी त्याही तसंच म्हणतात.

“आजवर आमी रडलोत, याडीनं ऐकलं. आज याडी रडीन, आमी ऐकतोत.”

“मला काय झालंय रडाया?” सिस्टर हसून म्हणाल्या.

झमकाबाईंनी त्यांच्या गळ्यात हात टाकले. क्षणभर सिस्टर तशाच ताठ उभ्या होत्या. मग त्यांनी सूर लावला. इतकी वर्षं ऐकून त्यांना तो आला होता, पण शब्द मराठी होते, म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा मला कळले.

“माय माझी, सिद्धेश्वर धरनाच्या पान्यात तिचं गाव गेलं. डोक्यावर बोचकं, पोटात पयलं लेकरू. वाटंतच लेकरू गेलं गं. म्या मागून झाले. मरूस्तोर ती धरनाकडं पाठ करून बसली. बाई, तुझं काय दुखतं म्हनून तिला कोनी इचारलं न्हाई. म्या सिस्टर झाले, गावोगाव इचारत फिरले. माझ्या मायला म्याबी न्हाई इचारलं.”

सगळी खोली रडत होती. झमकाबाई सिस्टरांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि त्यांचा खांदा भिजत होता. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. मला तेव्हा लाज वाटली, आणि ती सांगायला मला रडावं लागलं.

सिस्टर निवृत्त झाल्या, पण मंगळवार निवृत्त झाला नाही. त्या अजूनही बसनं नव्या तांड्यावर जातात. वही आता सुनीता लिहिते, नावांशिवाय. तिच्या दोन्ही मुली शाळेत जातात, ती ऊसतोडीला जात नाही, आणि मी हा लेख लिहितोय हे कळल्यावर तिनं मला निक्षून सांगितलं, “साहेब, खरं लिवा. निस्तं चांगलं चांगलं लिवलं तर कोनी इश्वास ठिवनार न्हाई.” तिच्यात मला माझा वारसा दिसतो.

सिस्टरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांचे गुडघे दुखतात आणि त्या ते लपवतात, असा माझा दाट संशय आहे. बसची पायरी चढताना त्या हल्ली डावा पाय आधी टाकतात. त्यांनी एकदा स्वतःचीही तपासणी करून घ्यावी, कागद पेटीत ठेवावेत आणि मला दाखवावेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो, ते निरोगी असो, त्यांच्या डोळ्याला झोप असो, आणि त्यांचं काय दुखतं हे विचारणारं माणूस त्यांच्याजवळ कायम असो.

मीही आता निवृत्त आहे. दर मंगळवारी सकाळच्या गाडीनं नव्या तांड्यावर जातो आणि समाजमंदिराच्या ओट्यावर बसतो. आत काय चाललंय ते मी ऐकत नाही. त्या वाटेनं येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला थांबवून, का आलास, कोणी धाडलं, असं विचारतो. आजवर एकाचंही उत्तर मला पटलेलं नाही. आतून कडी लागलेली असते. सिस्टर, तुम्ही शंभर वर्षं ती लावत राहा. बाहेर मी बसलो आहे.